मंडळीचं पत्रक: प्रूफ बरोबर होतं, छापून आलं तर जोडाक्षरं फुटलेली

सलाम ताई. तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पत्रकाचं प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) तुम्ही नीट वाचून दिलं, अंक छापून आला तर 'ख्रिस्त' पानोपानी फुटलेला, आणि प्रेसवाले म्हणतात प्रूफवर सही तुमचीच आहे, हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या नगरकडच्या मंडळीत अगदी हेच झालं होतं, तेही पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) अंकात.

मजकूर गोळा करणं, कमिटीची मंजुरी वगैरे तुम्हाला जमतंयच, त्यावर लिहीत नाही. मी काही डीटीपीवाली (कॉम्प्युटरवर पानं लावणारी) नाही, पण दुखणं कुठलं ते सांगते. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत) टाईप करतो आणि बऱ्याच प्रेसमध्ये अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, त्याला युनिकोड मराठी कळत नाही, म्हणून ते कन्व्हर्टरमधून श्रीलिपी नाहीतर कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये घेतात. तिथे वेलांट्या सरकतात, 'करणाऱ्या'मधला र जातो. तेवढं प्रूफमध्ये दिसतं, आपण दुरुस्त करून घेतो. खरा घात त्यानंतर होतो, कारण प्रूफ एका कॉम्प्युटरवरून काढतात आणि प्लेटसाठी, म्हणजे ज्या पत्र्यावरून छापतात त्यासाठी, फाइल दुसऱ्यावर उघडतात, तिथे तो फॉन्ट नसतो किंवा त्याची वेगळीच आवृत्ती असते, आणि तुम्ही सही केलेलं पान छापलंच जात नाही!

आमच्या अंकात प्रभूमध्ये निजलेल्यांच्या पानावर नावं फुटली. ज्या घरातलं माणूस गेलं त्याच घरी तो अंक गेला, त्या लोकांना काय वाटलं असेल. प्रेसवाल्यांनी प्लेटची फाइल दाखवायलासुद्धा नकार दिला, दिलगिरीचा एक शब्द नाही, आणि पुन्हा छपाईचे पैसे दानार्पणातून गेले. लोक पेन्शनीतून, मजुरीतून पाकिटात घालतात ते पैसे! ज्या नगरातून १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं तिथल्या मंडळीला मराठी धड छापून मिळू नये याचा मला आजही राग येतो.

तर माझं मत, पटलं तर घ्या. मांडणी मंडळीतल्याच कुणा पोराकडून युनिकोडमध्ये करून घ्या. त्याच्याकडे इनडिझाइन (पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडायला सांगा, नाहीतर तिथेही अक्षरं तुटतात. प्रेसला फक्त पीडीएफ द्या, आणि ती रीडरमध्ये उघडून प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड' (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच आहे) लिहिलंय का बघा. सही करायची ती त्याच पीडीएफच्या प्रिंटवर, आणि खाली लिहायचं की याच फाइलवरून छापावे. शंभर-दोनशे प्रतीच लागत असतील तर ऑफसेटच्या (प्लेटवरून होणाऱ्या छपाईच्या) नादी लागूच नका, डिजिटल प्रिंटला प्लेटची भानगडच नाही. दर प्रेसप्रमाणे बदलतात, दोन ठिकाणी विचारा.

आणि हो, आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची विनंती छापताना आजाराचं नाव घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, यावरून आमच्याकडे दोन घरं दुखावली गेली. वचनं बायबलच्या एकाच आवृत्तीतून घ्या. म्हाताऱ्यांसाठी अक्षर मोठं ठेवा, पानं वाढली तर चाराच्या पटीत वाढतात एवढं धरून चाला.

आत्ताच्या अंकाचं म्हणाल तर सगळा परत छापू नका. जे पान बिघडलंय तेवढंच सुटं छापून रविवारी उपासनेनंतर दारात वाटा, आणि नावं चुकलीत त्या घरी पाळकसाहेबांना घेऊन स्वतः जा.