गुप्तरोगाची जखम आपोआप भरली, तरी सरकारी दवाखान्यात जावं का? गावात कळेल का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दोन महिन्यांपूर्वी लिंगावर एक जखम झाली, दुखत नव्हती, महिन्याभरात आपोआप भरली. बायको पाच महिन्यांची गरोदर आहे. तिसऱ्या महिन्यात तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मग आता दवाखान्यात जायची गरज आहे का, आणि गेलात तर गावभर होईल का?

जा. उद्याच जा, आणि बायकोला बरोबर घेऊन जा.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन होतं त्या केंद्रात, समुपदेशक आहे. अकरा वर्षं झाली. तुमची जखम कशाची होती ते इथे बसून मी सांगू शकत नाही, ते डॉक्टर आणि रक्ताची तपासणीच सांगेल. पण न दुखणारी आणि आपोआप भरलेली जखम म्हटलं की आमच्या मनात आधी सिफिलिस येतो. जुनी माणसं त्याला गरमी म्हणतात. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी जखम होते, तीन ते सहा आठवड्यांत भरून जाते आणि माणूस निर्धास्त होतो. आजार मात्र रक्तात तसाच राहतो. पुढे कधी तळहात-तळपायांवर न खाजणारं पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, आणि आत मेंदू, हृदय, डोळे यांचं नुकसान होत राहू शकतं. जखम भरली म्हणून खूश होऊन घरी बसलेले कितीतरी जण मी पाहिलेत. त्या लोकांसाठी जीव तुटतो.

आता बायकोचं. तिची तपासणी चांगली आली, पण ती त्या दिवसापुरती. तुमच्याकडून तिला नंतर लागण झाली असेल किंवा त्या वेळी नुकतीच झालेली असेल, तर तिसऱ्या महिन्याच्या रक्तात ते दिसणारच नाही. गरोदरपणात सिफिलिसवर उपचार झाले नाहीत तर गर्भपात होऊ शकतो, मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. आणि वेळेत पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं तर यातलं बहुतेक सगळं टळतं. औषध इतकं जुनं, इतकं स्वस्त, आणि तरी मुलं दगावतात ती केवळ आईबाप वेळेत आले नाहीत म्हणून. मला या कामातलं सगळ्यात जास्त हेच लागतं. म्हणून तिची तपासणी पुन्हा करून घ्या. हल्ली बोटातून थेंबभर रक्त घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर पाहतात, अर्ध्या तासाच्या आत कळतं.

तिथे काय होतं ते सांगते. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. केसपेपर काढायचा आणि त्वचा-गुप्तरोग ओपीडी विचारायची. डॉक्टर तपासतात, रक्त जातं. लक्षणांवरून द्यायची औषधं आमच्याकडे रंगीत पुड्यांत येतात: लघवीच्या जागेतून पू येत असेल, म्हणजे ज्याला लोक परमा म्हणतात, तर करडी, अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवी, न दुखणाऱ्या जखमेला पांढरी, तिच्यात पेनिसिलीन, पेनिसिलीन सोसत नसेल त्याला निळी, पाण्याच्या फोडांना लाल. औषध फुकट. पेनिसिलीन चोवीस लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं-अर्धं टोचतात. दुखतं, खोटं सांगत नाही. आधी थोडं टोचून ॲलर्जी बघतात, नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात. त्या रात्री थंडी-ताप आला तर घाबरू नका, औषध लागू पडल्यावर काहींना तसं होतं. मात्र बायकोला इंजेक्शननंतर ताप आला, पोटात कळा आल्या किंवा बाळ कमी हलतंय असं वाटलं, तर तिला लगेच दवाखान्यात न्या.

एसटी स्टँडच्या भिंतीवर ज्यांचे फोन नंबर रंगवलेले असतात त्यांच्याकडे कृपा करून जाऊ नका. आमच्याकडे येणारे बरेच जण आधी तिथे हजारो रुपये आणि मोलाचे महिने घालवून आलेले असतात.

या पुड्यांच्या पद्धतीत एक उणीव आहे. ज्या बाईला काहीच त्रास नाही, ती आमच्याकडे येतच नाही, आणि बायकांमध्ये पुष्कळदा लक्षणं नसतातच. म्हणून जोडीदाराला आणणं हेच आमचं खरं काम. एक ताई अंगावरून पांढरं जातं म्हणून वर्षात तीनदा आल्या. प्रत्येक पांढरं जाणं संबंधातून लागलेलं नसतं, नुसती बुरशीही असते, पण त्यांचं तसं नव्हतं. औषधाने बरं व्हायचं, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या हातात नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली. तिच्यावर आजाराचं नाव नसतं, फक्त आमचा खोली नंबर आणि यायचे दिवस. पंधरा दिवसांनी एक माणूस बाहेरच्या बाकावर बसलेला दिसला, ती चिठ्ठी चार घड्या घालून मोटारसायकलच्या किल्लीबरोबर मुठीत धरलेली. तासभर बसला असेल. आत आला तेव्हा घड्यांवरची अक्षरं घामाने पुसली गेली होती. त्या ताई नंतर त्या तक्रारीसाठी आल्या नाहीत.

गावात कळण्याची भीती मी हलकी मानत नाही. एका रुग्णालयात रिपोर्ट देताना व्हरांड्यात मोठ्याने नाव घेतलेलं मी ऐकलंय, आणि तो मुलगा रिपोर्ट न घेताच निघून गेला. असं झालं तर तिथल्या तिथे समुपदेशकाला सांगा. आमच्याकडे बंद दाराआड बोलणं होतं आणि नमुन्यावर नावाऐवजी नंबर असतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा कायदाच आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू: कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

ही भीती कशी जाते ते मी सांगलीतल्या बायकांकडून शिकले. ‘संग्राम’ संस्थेने 1992 मध्ये तिथे काम सुरू केलं, मीना सेषु त्याच्या पुढे होत्या. गोकुळनगर या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांत निरोध वाटायचं आणि दवाखान्यात सोबत जायचं काम धंद्यातल्या बायकांनीच हातात घेतलं. 1996 मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. लोक त्यांना रोग पसरवणाऱ्या म्हणत, आणि रोग थोपवायचं काम त्याच करत होत्या. सोबत ओळखीचं माणूस असलं की दवाखान्याची पायरी चढणं सोपं जातं. आमच्या तालुक्यात आशाताई आणि लिंक वर्कर, म्हणजे गावोगाव एचआयव्हीचं काम करणारे कार्यकर्ते, हेच करतात. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी, शिबिर घेतो तेव्हाही टोळीतली एखादी बाई पुढे झाल्याशिवाय कुणी येत नाही.

बायकोला कसं सांगायचं हा तुमचा खरा पेच आहे, तुम्ही लिहिलं नसलं तरी. एकट्याने जमत नसेल तर समुपदेशकाला सांगा, दोघांना समोर बसवून बोलायला आम्ही मदत करतो. अशी जोडपी माझ्यासमोर रडली आहेत, भांडली आहेत, पण दोघांनी इंजेक्शन घेतलं आणि बाळ धडधाकट झालं. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध नकोत. तिच्यासाठी पेनिसिलीनच हवं, कारण पोटातल्या बाळापर्यंत पोचणारं खात्रीचं औषध तेच. ॲलर्जी असेल तर डॉक्टर वाट काढतील, तुम्ही मेडिकलमधून गोळ्या आणून देऊ नका. तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला या, आणि एचआयव्हीची तपासणीही दोघांनी करून घ्या, कारण जखम असताना एचआयव्हीची लागण लवकर होते.

जाताना तिचं माता-बाल संरक्षण कार्ड विसरू नका. पहिली तपासणी कोणत्या तारखेला झाली ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि डॉक्टर आधी तेच बघतील.