लाल थांबलं म्हणजे माज संपला का?

प्रश्न : आमची 10 महिन्यांची कुत्री पहिल्यांदाच माजावर आली. अकराव्या दिवशी रक्त जाणं जवळपास थांबलं. आता तिला मोकळं सोडलं तर चालेल ना?

उत्तर : मुळीच नाही. खरी जोखीम आत्ता सुरू होतेय. पहिले 8-10 दिवस लाल स्राव होतो, कुत्रे मागे लागतात, पण ती त्यांच्यावर गुरकावते, बूड टेकून बसते. मग स्राव फिका, वाळल्या गवताच्या रंगाचा होतो आणि सुजलेलं योनिमुख मऊ पडतं. शेपटीच्या मुळाशी खाजवून पाहा. शेपटी एका बाजूला वळवून ती स्तब्ध उभी राहिली, तर ती आता नराला जवळ येऊ देणार. काही कुत्र्यांचा स्राव मात्र शेवटपर्यंत लालच असतो, म्हणून रंगावर विसंबू नका. पहिला थेंब दिसला ती तारीख लिहा आणि तिथून पूर्ण 4 आठवडे मोजा.

तोवर बाहेर नेताना पट्टा हातातच हवा. एरवी शहाणी असलेली कुत्रीही या दिवसांत हाकेला ओ देत नाही. अंगणात एकटी सोडू नका. फाटकाच्या गजांतूनही जुळल्याची उदाहरणं आहेत. घरात तिचा सख्खा भाऊ असेल तर त्यालाही वेगळं ठेवा, कुत्री नातं पाहत नाहीत. डायपर फक्त फरशीसाठी, राखणीसाठी नव्हे. तो दर 3-4 तासांनी बदला, नंतर कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. नाहीतर मांड्यांत पुरळ उठतं.

प्रश्न : जुळलेली जोडी ओढून सोडवावी का? आणि नसबंदीची शस्त्रक्रिया लगेच करावी का?

उत्तर : ओढू नका, पाणीही ओतू नका. नराच्या लिंगाच्या मुळाशी गाठ फुगलेली असते. हिसका दिला तर दोघांनाही इजा होते. 15-30 मिनिटांत ती आपोआप सुटतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत पशुवैद्याकडे जा. वीर्य आत काही दिवस टिकतं, त्यामुळे 'एकदाच झालं' या समजात राहू नका.

माजात रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, म्हणून शस्त्रक्रिया माज संपल्यावर साधारण 2-3 महिन्यांनी. तोपर्यंत एकाकडे लक्ष ठेवा : माज संपल्यावर दोन महिन्यांच्या आत पाणी फार पिणं, खाणं सुटणं, उलट्या किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू साठलेला असू शकतो, आणि तो कधीकधी बाहेर येतच नाही.