गोळी एक, पहारा दोघांवर

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सेंटरच्या खिडकीवर बाटली हातात पडली आणि तू ती इतक्या घाईने सॅकमध्ये कोंबलीस की आतल्या गोळ्या खुळखुळल्या. त्या आवाजाने तू केवढा दचकलास, मी मागेच रांगेत होते. चहा पिताना म्हणालास, "मावशी, खोलीवर सहा जण आहोत, कॉटला कॉट लागून. हे वाजलं की कुणीतरी विचारणारच." शेजारच्या टेबलावर माणसं होती, म्हणून तेव्हा नुसती मान हलवली. आता सविस्तर लिहिते.

आधी आवाजाचं. बाटलीत वरून स्वच्छ, कोरड्या कापसाचा बोळा बसव, आवाज बंद होतो. आतली ओलावा शोषणारी छोटी पुडी मात्र फेकू नकोस. गोळ्या कागदात बांधून किंवा दुसऱ्या डबीत ओतूनही ठेवू नकोस. पेठेतल्या त्या जुन्या खोल्यांच्या भिंती पावसाळ्यात कशा ओल धरतात ते तू बघितलंयस. लेबल दिसायला नको असेल तर बाटलीवर पायमोजा चढव. मी वर्षभर तेच केलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. तुझ्या हिरव्या पुस्तकात, सेंटरवर उपचारांच्या नोंदी करतात त्यात, एचआयव्हीच्या खाली आणखी एक नोंद आहे, हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. ती तू वाचली असशील, पण मनावर घेतली नाहीस, हे तुझ्या बोलण्यावरून कळलं. तुझा दोष नाही. पहिला शब्द कानावर पडला की पुढचं काही ऐकूच येत नाही. माझंही तसंच झालं होतं.

सेंटरवर सगळे जिला टीएलडी म्हणतात, त्या तुझ्या गोळीत तीन औषधं आहेत: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५०. एचआयव्हीवर तिन्ही चालतात. त्यातली पहिली दोन यकृतातल्या हेपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. म्हणजे तू एक गोळी घेतोस, पण ती दोन आजारांवर पहारा देते. पहारा म्हणतेय ते उगाच नाही. दोन्ही विषाणू शरीरातून जात नाहीत. हेपॅटायटिस बी तर यकृताच्या पेशींच्या केंद्रात आपला साचा ठेवून दडून बसतो. गोळी बंद केली की एचआयव्ही काही आठवड्यांत वर येतो, आणि यकृताचा आजार कधीकधी एकदम भडकतो. त्यात यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो.

मी हे भोगलंय. २०१४ सालची गोष्ट. तेव्हा आमची गोळी वेगळी होती, रात्री झोपताना घ्यायची, पण तिच्यातही टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन होतंच. वजन वाढलं होतं, तब्येत छान होती. गौरी-गणपतीला गावी गेले आणि बाटली पुण्यातच राहिली. चार दिवस गेले, काहीच झालं नाही. परत आल्यावर वाटलं, बघू या अजून थोडे दिवस. ते थोडे दिवस करता करता दोन महिने झाले. एका सकाळी तोंड धुताना आरशात डोळे हळद लावल्यासारखे दिसले. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. अन्नाचा वास सहन होईना. शेजारणीने मायेपोटी मला काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. त्याने कसल्या तरी पाल्याचा रस पाजला, नाकात थेंब सोडले, गळ्यात माळ घातली. माळ लांबली की कावीळ उतरते म्हणे, म्हणून चार दिवस मी ती लांबायची वाट बघत पडून होते. पाचव्या दिवशी बोलताना शब्द अडखळायला लागले तेव्हा भावाने रिक्षात घातलं. यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते एसजीपीटी हजाराच्या वर गेलं होतं. अठरा दिवस दवाखान्यात काढले.

म्हणून तुला हात जोडून सांगते, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उजव्या बरगडीखाली दुखलं, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी सेंटर गाठ. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस आणि पाला, काढा, भस्म यातलं काही तोंडात घालू नकोस. तू मराठवाड्यातला, तुमच्याकडेही गावोगावी काविळीचं औषध देणारे असतील. घरचे प्रेमाने आग्रह करतील. तेव्हा माझी ती माळ आठव.

दुसरी गोष्ट डॉक्टरांबद्दल. ज्या डॉक्टरांसमोर बसशील त्यांना स्वतःहून दोन्ही आजार सांग. पुढेमागे किडनीमुळे किंवा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, न उतरल्यामुळे औषधं बदलायची वेळ आली तर आधी हेपॅटायटिस बीचा विचार व्हायला हवा. टेनोफोव्हिर नुसतं काढून टाकलं तर यकृत उघडं पडतं, आणि एकटं लॅमिव्ह्युडिन हेपॅटायटिस बीला फार दिवस धरून ठेवत नाही, विषाणू त्याला सरावतो. हल्ली एचआयव्हीसाठी दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल बोललं जातं, त्यांनीही हेपॅटायटिस बी आटोक्यात राहत नाही. उलट बाजूनेही तेवढाच धोका. पोटाच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलं नाहीस आणि त्यांनी फक्त यकृतासाठी एन्टेकाव्हिर सुरू केलं, तर एचआयव्ही लॅमिव्ह्युडिनला दाद देईनासा होऊ शकतो. लाजेपोटी अर्धं सांगितलेलं इथे फार महागात पडतं.

मेसच्या तिखट रश्शाने तुला जळजळ होते ना? मेडिकलमधून आणायच्या अ‍ॅसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या आणि पातळ औषध यांत बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. ते डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. टीएलडी घेतल्यावर किमान दोन तास थांब, मग ते घे. ते आधी घेतलं असेल तर टीएलडी सहा तासांनी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त त्या टीएलडीबरोबर जेवतानाच घेतल्या तर चालतात. जिममधल्या पावडरच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाच. अंगदुखीला डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या उठसूट घेऊ नकोस, टेनोफोव्हिरबरोबर किडनीवर ताण येतो. सेंटरवर क्रिएटिनिन तपासतात ते त्यासाठीच, ती तपासणी चुकवू नकोस. पुढे कधी टीबी निघाला तर टीबीच्या डॉक्टरांना टीएलडीचं सांग. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्रॅव्हिरचा जोर कमी होतो, म्हणून तेवढ्या काळापुरती त्याची आणखी एक गोळी बारा तासांच्या अंतराने देतात. फिटचं किंवा शुगरचं औषध सुरू होणार असेल तरी आधी विचार. आणि दारू अजिबात नको, यकृतावर आधीच एक ओझं आहे.

झोप उडते म्हणालास. तर गोळी सकाळी घे, अभ्यासिकेला निघण्याआधी, चहाबरोबर चालेल. उपाशीपोटी घेतली काय, जेवून घेतली काय, फरक पडत नाही. सकाळी नऊची गोळी दुपारी तीनला आठवली तर तेव्हाच घे. थेट दुसऱ्या दिवशी नऊला आठवली तर त्या दिवसाची एकच घे, दोन एकदम कधीच नाही.

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी सेंटरवर जायची सवय लाव. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर, केळकर सगळे बंद असतात, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पेठेत राहणाऱ्याने त्या दिवसावर गोळ्यांची तारीख येऊ देऊ नये. परीक्षा झाल्यावर गावी बरेच महिने राहणार असशील तर तिकडच्या सेंटरवर ट्रान्सफर मिळते. मागायला संकोच करू नकोस.

खोलीवरच्या मुलांबरोबर एका ताटात जेवलास तरी काही होत नाही. पण रेझर, टूथब्रश, नेलकटर तुझा तुझाच ठेव. हेपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा खूपच सहज पसरतो, वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस टिकू शकतो. आई आणि भावंडांची तपासणी करून घे. हा आजार पुष्कळदा आईकडून जन्माच्या वेळीच येतो आणि वर्षानुवर्षं कळत नाही. ज्यांना नाही त्यांना लस मिळते, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण. आईला काय सांगून तपासायला न्यायचं ते आपण मिळून ठरवू. तिला "काविळीची लस" एवढं सांगितलं तरी पुरेल, आणि ते खोटंही नाही.

लग्नाचं तू विचारलं नाहीस, पण डोळ्यांत दिसलं. व्हायरल लोड तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. हे जगभरच्या जोडप्यांवरच्या मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. त्यातल्या एकात, ज्याचे पहिले निष्कर्ष २०११ साली आले, आपल्या भोसरीच्या तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेमार्फत घेतलेली जोडपीही होती. हेपॅटायटिस बीसाठी मात्र त्या व्यक्तीला लस द्यायची. आणि २०१७ च्या कायद्याने नोकरी देण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, तेव्हा एमपीएससीचा अभ्यास नेटाने चालू ठेव.

रात्री-अपरात्री काही विचारावंसं वाटलं तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, माझा तर आहेच. सोमवारी साडेनऊला मी सेंटरबाहेरच्या बाकावर असेन. हिरवं पुस्तक, क्रिएटिनिन-एसजीपीटीचे रिपोर्ट आणि ती पायमोजा घातलेली बाटली घेऊन ये. उरलेल्या गोळ्या मोजू आणि मग चहा पिऊ.

तुझी,
मावशी