मोरचूद पांढरा काऊन झाला?

प्रश्न : भाऊ, संत्र्याच्या बागेत बोर्डो (मोरचूद आन् चुन्याचं बुरशीनाशक) मारासाठी मोरचूद आणला होता, पोरानं त्यातला एक खडा जुन्या डब्यात तापवला त पांढरा पडला, वरून पाणी पडलं त पुन्हा निळा! रंग गेला कुठं? (एक वाचक, वरुड तालुका)

उत्तर : रंग नाही गेला, पाणी गेलं. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, त्याच्या खड्यात तांब्याच्या आयनाले (विजेचा भार असलेल्या अणूले) पाण्याचे रेणू चिकटून असतात, अशा चिकटणाऱ्यालेच लिगँड म्हणतात. तांब्याच्या या आयनात पाच डी ऑर्बिटलमधे (इलेक्ट्रॉन राहाच्या जागांमधे) 9 इलेक्ट्रॉन, आयन एकटा असला त पाचही ऊर्जेच्या एकाच पातळीवर, पण लिगँड जवळ आले की ज्या ऑर्बिटलचं तोंड त्यांच्याकडे ते वर ढकलले जातात, बाकीचे खाली राहतात, मग खालचा इलेक्ट्रॉन वर उडी माराले लाल उजेड खातो आन् आपल्याले उरलेला निळा दिसते. पाणी उडालं की सल्फेटच उरते, त्याचा जोर कमी, पातळ्यांतलं अंतर घटते, उजेड अवरक्तातला (डोळ्याले न दिसणारा) खाल्ला जाते, म्हणून पांढरा. अमोनिया पाण्याहून जोरदार, त्यानं गडद निळा होते.

लोखंडात त अजून मजा आहे बाप्पा. लोखंडाच्या फेरस आयनात 6 डी इलेक्ट्रॉन, भोवती पाणी असलं त 4 एकटे, सायनाइडसारखा लई जोरदार लिगँड असला त पातळ्यांतलं अंतर वाढते आन् सगळे खालीच जोडीनं बसतात; चुंबक ओढते ते एकट्या इलेक्ट्रॉनमुळं, मग चुंबकही त्याले ओढत नाही.

आन् हो, मोरचूद विषारी आहे, तो डबा पुन्हा घरात वापरू नका.