कोल्हापुरात कुत्र्यासाठी चांगला डॉक्टर कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन सहा महिन्यांपूर्वी कोल्हापुरात आलात, घरी चार वर्षांचं लॅब्रॅडॉर आहे, दोन डॉक्टर करून झाले, दोघांनीही नीट न तपासता इंजेक्शनं दिली आणि शेजारी म्हणतात, "सारखे डॉक्टर बदलू नका." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. माझा सख्खा थोरला भाऊ हेच वाक्य मला २०२२ पासून ऐकवतोय.

आधी सरळ उत्तर देतो. बदला. पहिल्या भेटीत ज्यानं थर्मामीटर लावलं नाही, ओठ वर करून हिरड्या बघितल्या नाहीत, पोट चाचपलं नाही, त्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका. दवाखाना काचेच्या दाराचा असो नाहीतर पत्र्याच्या शेडचा.

माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. आमच्याकडं जॉब आला की आधी माप घ्यायचा व्हर्नियर लागतो, मग टूल. नजरेनं कट घेणारा कारागीर कितीही जुना असला तरी कधी ना कधी त्याच्या हातून जॉब रिजेक्ट होतोच. लोखंडाचा जॉब भंगारात टाकून दुसरा करता येतो, एवढाच फरक.

हरणी आमची कारवान जातीची कुत्री. कर्नाटकात त्यांना मुधोळ म्हणतात. लांब तोंड, खोल छाती, एवढीशी कंबर. बरगड्या दिसतात म्हणून आल्यागेल्याला ती कायम उपाशीच वाटते. दादानंच गावाकडून पिल्लू आणून दिलं होतं. पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन करून घ्यायचं मी दोनदा काढलं, दोन्ही वेळा दादा म्हणाला, "आरं चांगल्या जातीची हाय. एक वेत होऊ दे, मग काय करायचं ते कर." थोरल्याचं ऐकायचं म्हणून थांबलो. ते वेत काही झालं नाही आणि ऑपरेशनही राहिलं.

२०२२ चा पावसाळा. दिव्यांची अवस झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २९ जुलैला, हरणीनं भाकरी-दूध तसंच सोडलं. त्याआधी चार दिवस ती पाण्याला हपापल्यासारखी झाली होती. माझ्याकडं तिची एक वही आहे. लसी, जंताचं औषध, माजावर आलेल्या तारखा आणि दर महिन्याचं वजन. तिला उचलून काट्यावर उभा राहतो आणि त्यातून माझं वजन वजा करतो. तेव्हा ती २४ किलोची होती. एरवी दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी प्यायची, ते तीन लिटरच्या वर गेलं होतं.

दादाला फोन केला. त्याच्या चार म्हशी आहेत, संस्थेला दूध घालतो. म्हणाला, "आपल्या डॉक्टरला दाखव. वीस वर्षं गोठा बघतोय आपला." पावसातून हरणीला घेऊन गेलो. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. "पावसाळी हवा हाय, गॅस धरलाय," असं बसूनच सांगितलं. मदतनिसानं मानेत दोन इंजेक्शनं दिली आणि कागदाच्या पुडीत सहा गोळ्या मिळाल्या. मी विचारलं, "ताप किती आहे?"

"ताप हाय की."

"पण किती?"

"हात लावला की कळतंय."

आणि हात लावला नव्हता. तो दवाखाना, मेणकापडाचं टेबल, पायाशी दबून बसलेली हरणी, सगळं अजून डोळ्यांपुढं आहे. मी तिथून उठायला हवं होतं. उठलो नाही, कारण दादाचा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी तिनं थोडा दूधभात खाल्ला. दादा खूश. तिसऱ्या दिवशी उलट्या. परत इंजेक्शन, परत "होईल कमी." असे पाच दिवस गेले. काय टोचलं ते विचारलं तर "जनावराचं औषध" एवढंच उत्तर. कागदावर एक अक्षर नाही.

मग शहरातल्या एका मोठ्या पेट क्लिनिकमध्ये गेलो. एसी, आंघोळीची सोय, भिंतभर खाद्याच्या पिशव्या. त्यांनी रक्त तपासलं, ही चांगली गोष्ट. पांढऱ्या पेशी ४८ हजारांवर होत्या. धडधाकट कुत्र्याच्या साधारण ६ ते १७ हजार असतात. "इन्फेक्शन आहे," म्हणाले. अँटिबायोटिक, लिव्हरचं टॉनिक आणि तीन किलोची खाद्याची पिशवी. जेवत नसलेल्या कुत्रीला खाद्याची पिशवी! इन्फेक्शन कुठं आहे, हे त्यांनी शोधलं नाही. आधी काय औषध झालंय असं मात्र विचारलं, आणि सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं, कारण पहिल्यानं लिहून दिलंच नव्हतं. तिथं तीन दिवस गेले.

सहा ऑगस्टला दुपारी हरणी मागच्या पायांवर उठेना. वर्कशॉपमधल्या एका पोरानं एका डॉक्टर मॅडमचं नाव सांगितलं. दोन खोल्यांचा दवाखाना, साधं स्टीलचं टेबल. मॅडमनी तिला टेबलावर घेतलं, थर्मामीटर लावलं, हिरडीवर अंगठा दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. पोटावरून हात फिरवता फिरवता पहिला प्रश्न विचारला, "शेवटची माजावर कधी आली होती?"

आठ दिवसांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. वही काढली. ९ जून. आठ आठवडे आणि दोन दिवस.

मॅडम म्हणाल्या, "मला गर्भाशयाची शंका आहे. पण सोनोग्राफीशिवाय मी ठाम बोलणार नाही, आणि मशीन माझ्याकडं नाही." कुठं जायचं ते लिहून दिलं आणि त्या दवाखान्यात स्वतः फोन केला. तासाभरात कळलं, गर्भाशय पुवानं भरलंय. पायोमेट्रा म्हणतात त्याला.

हे काय असतं ते सांगतो, कारण कुत्री पाळणाऱ्या बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. कुत्री माजावर येऊन गेली की पोटात पिल्लं नसली तरी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोनेक महिने वर राहतं. त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं, आत जंतू शिरलेले असले की पू साठतो. कधी खालून पू वाहतो, मग किमान लक्षात तरी येतं. तोंड पूर्ण मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि तीच अवस्था जास्त धोक्याची. जंतूंच्या विषानं मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून कुत्री सारखी पाणी पिते आणि सारखी मुतते. म्हणजे जे मी वहीत लिहून ठेवत होतो तेच लक्षण होतं. यावर खात्रीचा इलाज एकच, सलाईन देऊन सावरायचं आणि गर्भाशय काढून टाकायचं.

त्याच रात्री दहाला ऑपरेशन झालं. मॅडमनी आणखी एक डॉक्टर बोलावले. या जातीच्या अंगावर चरबी नसते, भूल जपून द्यावी लागते, त्यामुळं भुलीवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस पाहिजे, असं मला आधीच समजावून सांगितलं. वाचायची खात्री देत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दोन तासांनी ट्रे दाखवला. गर्भाशयाच्या मनगटाएवढ्या जाड दोन नळ्या, वजन पावणेदोन किलो. आणखी एखाद-दोन दिवस गेले असते तर आत फुटलं असतं. माझे पाय तिथंच गळाले.

हरणी वाचली. दहाव्या दिवशी टाके काढले. एकूण बिल १९,४०० रुपये झालं. त्यात प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेली होती. तो कागद मी वहीत चिकटवून ठेवलाय.

आता दादाचं. त्या गणपतीत घरची सगळी माणसं जेवायला बसलेली असताना त्यानं सांगितलं, "तीन डॉक्टर केलंस म्हणून एवढं वाढलं. एकाच्या हातात ठेवली असतीस तर बरी झाली असती." तिथं मी गप्प बसलो. पाहुणे होते. आज इथं सांगतो. दादा, वही बघ. पहिल्याकडं पाच दिवस, दुसऱ्याकडं तीन दिवस, मॅडमच्या दारात पाय ठेवल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत सात तास. डॉक्टर बदलले म्हणून वाढलं नाही. पाच दिवस बदलला नाही म्हणून वाढलं. आणि "एक वेत झालंच पाहिजे" हे कुठल्याही शास्त्रात नाही. पिल्लं झालेल्या कुत्रीलाही पायोमेट्रा होतो. वेळेत ऑपरेशन केलं असतं तर हा आजार तिच्या वाट्याला आलाच नसता.

तुमच्याकडं वळतो. डॉक्टरची पदवी बघून फार काही कळणार नाही. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते, आणि त्यात गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी, कुत्रा सगळं एकत्रच शिकवतात. राज्यातलं आपल्याला जवळचं कॉलेज शिरवळचं, पुण्याच्या वाटेवर. तिथून बाहेर पडलेला पोरगा पुढची दहा वर्षं रोज कुणाला हात लावतो त्यावर तो कशात तयार होणार ते ठरतं. कोल्हापूर जिल्हा दुधाचा. इथं डॉक्टरचं पोट म्हशीवर चालतं, आणि हात त्यातच बसतो. म्हणून "किती वर्षांचा अनुभव" असं विचारू नका, "आठवड्याला किती कुत्री बघता आणि ऑपरेशन स्वतः करता का" असं विचारा. नोंदणी क्रमांकही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. १९८४ च्या कायद्याप्रमाणं नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच असे उपचार करता येतात. डिप्लोमावाल्यांना फक्त किरकोळ कामं, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली. खेड्यात आणि शहराच्या कडेला नुसत्या हाताखाली काम करून "डॉक्टर" झालेले लोक फिरतात.

मात्र माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण वेगळीच आहे. "हे माझ्याकडं होणार नाही, तिकडं जा" असं जो तोंडानं म्हणतो तो डॉक्टर धरा. मॅडमकडं मशीन नव्हतं आणि तसं सांगायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

दिलेलं प्रत्येक इंजेक्शन लिहून घ्या. देत नसतील तर रिकाम्या बाटलीचा फोटो काढा. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र पोटात गेलं तर कुत्र्याच्या जठरात, आतड्यात जखमा होऊ शकतात. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. ही बंदी गिधाडं वाचवण्यासाठी घातली, पण कुत्र्यालाही ते औषध वाईटच. घरातल्या माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. तो पहिला डॉक्टर म्हशींचा खरोखर चांगला आहे. दादाच्या म्हशीचं आडवं आलेलं रेडकू त्यानं भर पावसात रात्री दोनला येऊन सोडवलं, म्हैस आणि रेडकू दोन्ही जगली, तेव्हा कंदील धरून मीच उभा होतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार एवढीच की कुत्रं आपला विषय नाही हे त्यानं सांगितलं नाही. आणि प्रत्येक आजाराला रक्त, सोनोग्राफी लागतेच असंही नाही. एक दिवस जुलाब झाले म्हणून पाच हजारांच्या तपासण्या लिहून देणाराही तितकाच वाईट. डॉक्टरांचीही बाजू आहे. गोळी घरीच देऊन "काही दिलं नाही" म्हणणारे मालक मी दवाखान्यात बसून ऐकलेत.

मॅडमचं नाव इथं उघड्यावर लिहीत नाही, त्या एकट्या आहेत आणि आधीच गर्दी असते.

आणि तुम्ही लॅब्रॅडॉर नर की मादी ते लिहिलं नाही. इंजेक्शनं कशासाठी दिली तेही नाही. मादी असेल, ऑपरेशन झालेलं नसेल आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत माजावर येऊन गेली असेल, तर आज रात्री पाण्याचं भांडं मापून भरा आणि उद्या त्याच वेळेला उरलेलं मोजा. किलोमागं १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे ३० किलोच्या कुत्रीला तीन लिटर, तर थांबू नका. आणि आत्ताच ती जेवत नसेल, उलट्या करत असेल, तर मोजतही बसू नका, थेट सोनोग्राफी असलेल्या ठिकाणी न्या. माजाची तारीख तुम्हीच आधी सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.