किल्ली कुणाकडे आहे, ते आधी ठरव

अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता वाचली. सहा पात्रं, तीन घरं, पावसाळ्यातला एक आठवडा. माणसं खरी वाटतात, याचा मला फार आनंद झाला. पण ती एकमेकांना भेटतात कशी? दादरच्या पुलावर धक्का लागून, मग हॉस्पिटलात, मग पुन्हा टॅक्सीत. दादरला ओळखीचं माणूस एकदा अचानक भेटेलही; तिसऱ्यांदा भेटलं की प्रेक्षकाचा विश्वास उडतो. मुंबईत माणसं एकमेकांत अडकतात ती जागेच्या टंचाईने. एवढं मनात धरून पुन्हा लिहायला बस.

अनुराग बसूंचा २००७चा ‘लाइफ इन अ मेट्रो’ पुन्हा बघ. शर्मन जोशीचा राहुल बढतीच्या आशेने ऑफिसातल्या वरिष्ठांना फ्लॅटची किल्ली देतो. कल्पना बिली वाइल्डरच्या १९६०च्या ‘द अपार्टमेंट’मधली, पण मुंबईत ती चपखल बसते. त्या एका किल्लीपायी साहेबाचा संसार, त्याचं लफडं आणि राहुलचं न बोललेलं प्रेम एकाच खोलीत येऊन पडतं. किरण राव यांच्या ‘धोबी घाट’मध्ये मुन्ना कपडे घेऊन चित्रकार अरुणकडेही जातो आणि अमेरिकेहून आलेल्या शायकडेही. तुझ्याकडे अशी दोन घरांत जाणारी कामवाली मावशी आहे, आणि तिला तू फक्त चहा आणायला ठेवलंयस! तिला दोन्ही घरांतलं सगळं माहीत असू दे. ती बोलली तर एक काम सुटेल, गप्प राहिली तर जीव जळेल.

आणि आजी. वरळीच्या बीडीडी चाळीतली आजी हा तुझा खरा ऐवज, तो तू दोन पानांत संपवलास. शंभरेक वर्षांपूर्वीच्या त्या इमारती, १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. पुनर्विकासात त्याच कुटुंबाला ५०० चौरस फुटांचा फ्लॅट. आता विचार कर, १६० फुटांत गुपित टिकायचं कसं? दार दिवसभर उघडं. फोन आला की मुलगी गच्चीवर जाणार. शेजारच्या काकूंना सगळं कळलेलं, तरी त्या तिच्या आईसमोर चकार शब्द काढत नाहीत. गुपित शेजाऱ्यांनी सांभाळलेलं असतं. मग टॉवरमध्ये गेल्यावर सुनेला आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी लावता येते. आजीला त्या बंद दाराची धास्ती वाटते. काकू दुसऱ्या विंगमध्ये गेलेल्या, आणि त्यांच्या पोटात अजून ते जुनं गुपित आहे. तुझं नाटक इथे आहे, बाकीचं सगळं याच्या आजूबाजूला रच.

प्रेमाचे प्रसंग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर ठेवलेस ते बरोबर. घरात जागा नसलेली जोडपी तिथे रस्त्याकडे पाठ करून बसतात, तेवढाच आडोसा. मात्र तिथले संवाद निम्मे कर.

शेवटी सगळ्यांना एका लग्नात गोळा केलंयस, तो प्रवेश काढून टाक. दोन पात्रांची अखेरपर्यंत गाठ पडली नाही तरी चालेल. नवा खर्डा गणपतीनंतर पाठव, आणि सोबत एका कागदावर लिहून दे: कुणाच्या घराची किल्ली कुणाकडे असते, आणि हे कुणाला ठाऊक नाही.