लिनक्सवर व्यवस्थित चालणारं सी मधलं ओपन सोर्स टूल विंडोज आणि मॅकवर फाइलींचा घोळ का घालतं? सुधारायला सुरुवात कुठून करू?

प्रश्न लांबलचक आहे म्हणून मधेच येणाऱ्यांसाठी थोडक्यात: फोल्डरांचा बॅकअप घेणारं सी मधलं एक टूल आहे, लिनक्सवर झकास चालतं, विंडोजवर मात्र मराठी नावाच्या फाइली त्याला उघडताच येत नाहीत, अधूनमधून उगाच परमिशनचा एरर येतो, मॅकवाल्या एकाला तीच फाइल दोनदा दिसते, आणि मेंटेनर (टूल सांभाळणारा) म्हणतोय की पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठव, घेतो. तुम्ही रत्नागिरीला इंजिनिअरिंगला आहात असं लिहिलंय. मी मालवणचा, साधारण याच जातीचं एक छोटं टूल सांभाळतो आणि ते वापरणारे बरेचसे इथलेच आहेत, फोटो स्टुडिओवाले, सोसायटीत डिझेलचा हिशेब ठेवणारे, आंब्याचे बागायतदार, त्यामुळे फाइलींची नावं कशी असतात ते रोज बघतो.

सगळ्यात आधी एक विनंती, कोडभर विंडोजसाठीचे इफडेफ, म्हणजे "विंडोज असेल तर हा कोड" छाप ओळी, शिंपडत सुटू नका. पहिल्या दिवशी बरं वाटतं आणि नंतर कोणीच त्या फाइलीला हात लावत नाही. फाइल उघडणं, यादी काढणं, नाव बदलणं, पुसणं, एवढी कामं एका वेगळ्या फाइलीत काढा, बाकीच्या टूलने फक्त तिच्याशीच बोलायचं. आणि त्या फंक्शनांना नाव देताना "हे काय करतं" यापेक्षा "हे कसली हमी देतं" ते ठरवा. "फाइल बदल, पण जुनी किंवा नवी यातली एक तरी पूर्ण शिल्लक राहिलीच पाहिजे" ही हमी झाली. ती लिनक्सवर एका प्रकारे पाळली जाते, विंडोजवर दुसऱ्या, वरच्या कोडला त्याचं काही पडलेलं नसतं.

आता मराठी नावं. लिनक्सला फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट, स्लॅश आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. विंडोज नावं आत यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे युनिकोडच्या १६ बिटी साठवणीत, ठेवतो, पण तुम्ही सी चं साधं एफओपन वापरलं की ते नाव जुन्या अँसी कोडपेजातून (एकेका भाषागटाच्या जुन्या अक्षर-तक्त्यातून) जातं आणि त्या कोडपेजांत देवनागरीला जागाच नाही. फोल्डरची यादी काढतानाही जुनं फंक्शन वापरलंत तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालत नाही, मग ती फाइल उघडणार कशी! तुमच्या टूलचं दुखणं नव्वद टक्के हेच असणार. उपाय दोन: वाइड कॅरॅक्टरवाली फंक्शनं वापरा, म्हणजे डब्ल्यूएफओपन वगैरे, आणि यूटीएफ-८ शी (युनिकोडची लिनक्सवरची नेहमीची साठवण) बदलाबदल त्या एकाच फाइलीत करा, कमांड लाइनवरून येणारी नावंसुद्धा वाइडच घ्यायची हे विसरू नका, किंवा प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला प्रोग्रामची माहिती देणाऱ्या फाइलीत) अ‍ॅक्टिव्ह कोडपेज यूटीएफ-८ असं जाहीर करा, हे विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून चालतं. मी पहिला मार्ग घेईन कारण इकडच्या दुकानांतली कॉम्प्युटरं किती जुनी असतात ते तुम्हालाही माहितीये, आणि दुसरं म्हणजे लांब पाथसाठी वाइड फंक्शनं तशीही लागणारच आहेत.

लांब पाथ म्हणजे ती २६० कॅरॅक्टरची मर्यादा. २०१६ च्या १६०७ व्हर्जनपासून ती उठवता येते पण रजिस्ट्रीतलं सेटिंग आणि मॅनिफेस्ट दोन्ही लागतं, तेव्हा गिऱ्हाइकाच्या रजिस्ट्रीच्या भरवशावर राहू नका, पूर्ण पाथच्या आधी ते दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि परत बॅकस्लॅश लावा, मग सुमारे ३२ हजार कॅरॅक्टरपर्यंत जाता येतं. फक्त ते लावलं की विंडोज पाथची साफसफाई करत नाही, फॉरवर्ड स्लॅश आणि दोन टिंबं तुम्हालाच आधी सोडवून द्यावी लागतात.

पण लिनक्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी सगळी वेगळी मोजून, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ युनिटची, तिथे तेच नाव आरामात बसतं. सोसायटीतल्या "सन अमुक-तमुकची वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त अंतिम दुरुस्तीसह नवीन" छाप फाइली विंडोजवरून लिनक्सवर आणल्या की कधीकधी याच कारणाने अडकतात. इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला हे आयुष्यात दिसत नाही.

मॅकवर फाइल दोनदा दिसते त्याचं कारण मला वाटतं तुमच्या उदाहरणातच आहे, नाव "शेतकऱ्यांची यादी" होतं ना? तो ऱ्या बघा. युनिकोडमध्ये ऱ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असं दोन तुकड्यांतही, दिसायला काडीचा फरक नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव साठवताना ते तुकड्यांतच साठवायची. २०१७ पासूनची एपीएफएस जसं दिलं तसं ठेवते पण शोधताना दोन्ही एकच धरते. लिनक्स आणि एनटीएफएस मात्र दोन्ही वेगळी मानतात. मग जुन्या मॅकवरून आलेली यादी आणि लिनक्सवर टाइप केलेली यादी शेजारी शेजारी नांदतात, आणि बॅकअपवाला म्हणतो एक नवीन, एक गायब. शेतकरी, व्यापारी, कर्मचारी, यातल्या कुठल्याही शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लावलात की हा ऱ्या येतोच, म्हणजे मराठी माणसाच्या हार्डडिस्कवर हा बग जागोजागी पेरलेला आहे. इथे लोक घाईत सगळी नावं नॉर्मलाइज करून, म्हणजे एकाच रूपात आणून, लिहून टाकतात, ते करू नका. नाव जसं मिळालं तसंच साठवा, फक्त तुलना करताना दोन्ही बाजू एनएफसी (युनिकोडचं तुकडे जोडलेलं रूप) करून बघा, आणि खरोखर दोन वेगळ्या फाइली निघाल्या तर युजरला सांगा, गुपचूप एकीवर दुसरी लिहू नका. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्येही मॅकसाठी प्रीकंपोज युनिकोड नावाचं सेटिंग याच भानगडीपायी आहे. (काही जुने कीबोर्ड हाच ऱ्या झिरो विड्थ जॉइनर घालून लिहितात, तो एनएफसीनेही एक होत नाही, त्याच्या नादी सध्या लागू नका.)

कॅपिटल-स्मॉलचा प्रकार तसाच, विंडोज आणि मॅक सहसा फरक करत नाहीत, लिनक्स करतो. आणि ही नुसती गैरसोय नाही बरं का, डिसेंबर २०१४ मध्ये गिटमध्ये मोठी सिक्युरिटीची भानगड निघाली होती, नोंद क्रमांक सीव्हीई-२०१४-९३९०, ती यावरच: डॉटगिट फोल्डरचं (गिट स्वतःची माहिती ठेवतं तो) नाव कॅपिटल जी घालून रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या साठ्यात) टाकलं की विंडोज-मॅकवर ते थेट खऱ्या गिट फोल्डरवर लिहिलं जायचं. तेव्हा पाथची तुलना साध्या स्ट्रिंगसारखी करणारा कोड दिसला की तिथे थांबा. विंडोजची राखीव नावं पण आहेत, कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ वगैरे, एक्स्टेन्शन लावलं तरी जुना विंडोज ऐकत नाही. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच ऑक्स डॉट सी नावाची फाइल आहे, त्यामुळे कर्नल विंडोजवर सरळ चेकआउटच होत नाही, म्हणजे गिटमधून फाइली डिस्कवर निघतच नाहीत.

परमिशनचा एरर. युनिक्सवर उघडी फाइल पुसता येते, नाव बदलता येतं, कोणाची हरकत नसते. विंडोजवर दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने ती उघडताना इतरांना पुसायची परवानगी (डिलीट शेअर) दिली नसेल तर तुम्हाला नकार, आणि तो दुसरा कोण तर बहुतेक वेळा अँटिव्हायरस नाहीतर सर्चचा इंडेक्सर, तुम्ही फाइल लिहून हातावेगळी केली की लगेच तो हुंगायला येतो. याला सभ्य इलाज नाही, थोडं थांबून परत प्रयत्न करायचा, दर वेळी थांबायचा वेळ वाढवत, आणि ठरावीक वेळेनंतर खरा एरर दाखवायचा. बरेच मोठे प्रोजेक्ट हेच करतात, लाजू नका. स्वतःच्या कोडमध्ये मात्र आधी फाइल बंद, मग पुसणं, हा क्रम लिनक्सवरही पाळायची सवय लावा.

आता जे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, फाइल बदलणं. पावसाला सुरुवात झाली की आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो आणि यूपीएसची बॅटरी मेलेलीच असते, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल इथे रोजचा विषय आहे. पद्धत जुनीच: त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक (डिस्कवर खरोखर उतरव असा हुकूम) करा, मग तिला मूळ नाव द्या. त्याच फोल्डरात अशासाठी की दुसऱ्या डिस्कवरून रीनेम होत नाही. लिनक्सवर रीनेम जुन्या फाइलीची जागा एका झटक्यात घेतो. विंडोजवर सी चं रीनेम आधीच फाइल असेल तर सरळ नापास, तिथे मूव्हफाइलएक्स ला रिप्लेसचा फ्लॅग देऊन वापरा. "आधी जुनी पुसू, मग रीनेम करू" असला जुगाड बऱ्याच टूलांत सापडेल, नेमकी त्या दोन ओळींच्या मधे लाइट गेली की गिऱ्हाइकाकडे जुनीही नाही आणि नवीही नाही. तुमचा पहिला पॅच याच्यावर असू दे. मॅकवर साधा एफसिंक डिस्कच्या आतल्या कॅशपर्यंतच नेतो, पक्कं हवं तर एफ फुलएफसिंक लागतं, हेही त्याच फंक्शनात गेलं की झालं.

बाकीचं पटापट. विंडोजवर फाइल कायम बायनरी मोडमध्ये उघडा, नाहीतर प्रत्येक नवीन ओळीमागे एक जास्तीचा बाइट घुसतो आणि २६ नंबरचा बाइट दिसला की वाचणं तिथेच संपतं, फोटोचा बॅकअप अर्धा. विंडोजवर लाँग (सी मधला पूर्णांकाचा प्रकार) ६४ बिट सिस्टिममध्येही ३२ बिटच असतो, तेव्हा एफटेल वापरून साइझ काढत असाल तर २ जीबीच्या वर लग्नाचा व्हिडिओ आला की गणित चुकणार. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर वेळ २ सेकंदांच्या टप्प्यातच साठते, मग दर वेळी सगळं बदललंय असं वाटून पुन्हा कॉपी. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकमध्ये मॉडिफाय विंडो नावाचा ऑप्शन याचसाठी आहे, तसाच तुम्हीही ठेवा.

टेस्टिंगला विंडोज मशीन आणि मॅक कुठून आणू असं विचारलंय. आणू नका. प्रोजेक्ट गिटहबवर पब्लिक असेल तर अ‍ॅक्शन्सवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), विंडोज, मॅक तिन्ही टेस्ट चालवायला फुकट मिळतात, एकाच मॅट्रिक्समध्ये, म्हणजे त्याच टेस्ट तिन्हींवर, लावा. एवढंच की अडचणीच्या नावांच्या फाइली रिपॉझिटरीत टाकू नका, नाहीतर कर्नलसारखं होईल, विंडोजवर क्लोनच अडकेल. टेस्ट चालू असताना कोडनेच त्या तयार करायच्या: ऱ्या दोन्ही प्रकारे, ९० चिन्हांचं मराठी नाव, शेवटी टिंब, शेवटी स्पेस, २६० च्या पुढचा पाथ. आणि एखादं नाव त्या सिस्टिमवर बनतच नसेल तर टेस्टने ते मान्य करून पुढे जायचं, पण तुमच्या टूलने मात्र तिथे युजरला फाइलचं नाव घेऊन स्पष्ट सांगितलंच पाहिजे की ही राहिली.

पॅच पाठवताना एकेक पाठवा. आधी नापास होणारी टेस्ट, मग तिला पास करणारे थोडे बदल. मेंटेनर बहुधा लिनक्सवरच बसलेला असतो, विंडोजच्या फाइलींबद्दलचा हजार ओळींचा पॅच तो वाचणार नाही, तसाच लटकवून ठेवेल.